परंतुकातील वैद्य : कायद्याच्या प्राथमिक अभ्यासाचे बारा आठवडे

वैद्याचा अभ्यास पदवीबरोबर संपत नाही, हे आपण सर्वच जाणतो. तथापि बी.ए.एम.एस. होऊन बावीस वर्षे लोटल्यानंतर आम्ही वही-लेखणी घेऊन पुन्हा पहिल्या पाठापासून बसलो, ते चरक-सुश्रुतासाठी नव्हे, तर कायद्यासाठी. हा योग कसा आला ते सांगताना थोडा संकोच वाटतो. परंतु त्यात आमच्या चुकीचा भाग मोठा आहे आणि तशीच चूक अनेक वैद्यबंधूंच्या व औषधालय चालविणाऱ्या स्नेह्यांच्या हातून नित्य घडत असावी अशी आमची समजूत आहे. म्हणून सारे काही जसे घडले तसे लिहीत आहोत.

आमच्या चिकित्सालयात निर्गुंडी तैल घरीच सिद्ध होते. ताजा स्वरस, कल्क, तिळाचे तेल, मंद आच आणि पाकपरीक्षा, या साऱ्यांत आम्ही कधी कसूर केली नाही. चिकित्सालय सायंकाळी सातला बंद होते. खेड्यांवरून येणाऱ्या रुग्णांना शेवटच्या गाडीपूर्वी तेल मिळावे, म्हणून शेजारच्या औषधविक्रेत्यांकडे आम्ही पंधरा-वीस बाटल्या ठेवू लागलो. हे गृहस्थ आमच्याहून वयाने बरेच मोठे असल्याने आम्ही त्यांना ‘काका’ म्हणतो. बाटलीवर आमचा शिक्का, तेलाचे नाव आणि ‘बाह्योपचारार्थ’ एवढेच लिहिलेले असे. काकांनी एकदाच विचारले होते, “डॉक्टर, याला काही परवाना वगैरे लागतो का?” आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “काका, वैद्याने स्वतः केलेल्या औषधाला परवाना लागत नाही.”

चार वर्षे हे सुरळीत चालले. शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुण आला म्हणून जो कधी आमच्याकडे आलाच नाही, तोही काकांकडून बाटली नेऊ लागला. याची आम्हांस कल्पना होती आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा अभिमानही होता. मग एके दिवशी दुकानाच्या नेहमीच्या तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ती बाटली हाती घेऊन उत्पादन परवान्याचा क्रमांक विचारला, तुकडी क्रमांक विचारला, निर्मितीची तारीख विचारली. तिन्ही प्रश्नांना काकांपाशी उत्तर नव्हते. पंचनामा झाला, चौदा बाटल्या मोहोरबंद झाल्या आणि लेखी खुलाशाची मागणी झाली. त्या अधिकाऱ्यांचे वर्तन सौजन्याचे होते, हेही नमूद केले पाहिजे.

रात्री काका घरी आले. त्यांनी आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही सांगितलं होतंत म्हणून ठेवलं.” या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वैद्याला परवाना लागत नाही, हे आम्ही कोठे वाचले होते? कोठेच नाही. वीस वर्षांपूर्वी कोणत्या तरी सभेनंतरच्या भोजनाच्या पंगतीत ते ऐकले होते. खुलासा लिहून देणारे वकीलमित्र आम्हांस म्हणाले, “तुम्ही कायदा ऐकलेला आहे, वाचलेला नाही.” ग्रंथ न वाचता ऐकीव योगांवर चिकित्सा करणाऱ्यास आपण काय म्हणतो, हे येथे सांगावयास नको.

आमच्या कन्येने संगणकावर शोध घेऊन केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावरील विधिविषयक प्राथमिक अभ्यासक्रम आम्हांस दाखविला. ‘स्वयम्’ची सुरुवात २०१७ च्या जुलै महिन्यात झाली. तेथे नावनोंदणी विनामूल्य असते, शुल्क पडते ते प्रमाणपत्रासाठी परीक्षेस बसणाऱ्यास. प्रत्येक आठवड्याला काही व्याख्यानांची चित्रफीत, सोबत वाचनसाहित्य आणि शेवटी गृहपाठ अशी रचना असते. आमचा अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा होता. व्याख्याने इंग्रजीत होती, म्हणून आम्ही शेजारी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ उघडून बसत असू. पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ ठरविली. रात्रीची वेळ ठरविणाऱ्या वैद्यांनी आपली निद्रा आधी तपासावी, एवढा सल्ला अनुभवावरून देतो.

पहिले दोन आठवडे आमचा धीर खचला. ‘कायदा म्हणजे काय’ या प्रश्नावर पाश्चात्त्य विचारवंतांची मते एकामागून एक येऊ लागली आणि काकांच्या चौदा बाटल्यांशी त्यांचा काय संबंध, हे कळेना. तिसऱ्या आठवड्यात कायद्याची उतरंड समोर आली, तेव्हा प्रथम पायाखाली जमीन लागली. सर्वांत वर संविधान. त्याखाली संसदेने वा विधिमंडळाने संमत केलेले अधिनियम. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासनाने केलेले नियम, आणि नियमांखाली अधिसूचना व परिपत्रके. खालच्याने वरच्याचा भंग केल्यास तो टिकत नाही. आपल्याकडे संहिता, तिच्यावरील टीका, नंतरचे संग्रहग्रंथ आणि शेवटी गुरुजींनी वर्गात सांगितलेले टिपण, यांच्या प्रामाण्यात जी उतरंड आपण मानतो, तिच्याशी हे पुष्कळ जुळते. फरक एवढाच की, आपल्यापैकी बरेच जण कायद्याच्या बाबतीत टिपणावरच थांबलेले असतात. भ्रमणध्वनीवर फिरत आलेले परिपत्रक आपण डोळे झाकून मानतो. ते कोणत्या नियमाखाली निघाले आणि तो नियम कोणत्या अधिनियमाखाली आहे, हे कोणी पाहत नाही.

आपल्या व्यवसायावर दिल्लीचा आणि मुंबईचा असा दुहेरी अंमल का आहे, याचे उत्तरही त्याच आठवड्यात मिळाले. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूची आहेत. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर येतात. औषधे व विषे हा विषय समवर्ती सूचीत एकोणिसाव्या, तर वैद्यकीय व्यवसाय त्याच सूचीत सव्विसाव्या क्रमांकावर आहे. समवर्ती म्हणजे केंद्र व राज्य दोहोंनाही ज्यावर कायदा करता येतो असे विषय. म्हणूनच औषधांसाठी १९४० चा केंद्राचा अधिनियम आणि महाराष्ट्रातील वैद्यांच्या नोंदणीसाठी १९६१ चा राज्याचा अधिनियम, असे दोन्ही आपल्याला लागू पडतात. महाविद्यालयात वैद्यकीय न्यायशास्त्र आपणही शिकलो. परंतु तेथे आम्ही विषबाधेची लक्षणे पाठ केली, उत्तीर्ण झालो आणि बाकीचे विसरलो.

पाचव्या आठवड्यातील विषय होता कायद्याच्या अर्थनिर्णयाचा. ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तो भाग हाच. व्याख्यात्यांनी सांगितले की, अधिनियम हाती आल्यावर प्रथम व्याख्यांचे कलम वाचावे. नेहमीच्या व्यवहारात शब्दाचा अर्थ काहीही असो, त्या अधिनियमापुरता त्याचा अर्थ व्याख्येत दिला असेल तोच. मग मुख्य तरतूद वाचावी, तिच्याखालचे परंतुक वाचावे, स्पष्टीकरण वाचावे आणि शेवटी अनुसूची पाहावी. हे ऐकत असताना आम्ही चित्रफीत थांबविली आणि सुश्रुताचे उत्तरतंत्र उघडले. पासष्टावा अध्याय, तंत्रयुक्ती. सुश्रुताने बत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत, चरकाने सिद्धिस्थानाच्या अखेरीस छत्तीस. पदवीच्या पहिल्या वर्षी परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या या युक्ती आता जिवंत होऊन समोर उभ्या राहिल्या.

एखाद्या शास्त्राने एखाद्या शब्दाला दिलेला खास स्वतःचा अर्थ म्हणजे ‘स्वसंज्ञा’. सुश्रुत उदाहरण देतो की ‘मिथुन’ म्हटले की येथे मध व तूप घ्यावे. अधिनियमातील व्याख्येचे कलम दुसरे काय असते? सर्वसाधारण विधान करून त्यातून काही वगळणे म्हणजे ‘अपवर्ग’. विषार्ताला स्वेदन देऊ नये, मात्र कीटविषाचा अपवाद, हे सुश्रुताचे उदाहरण. कायद्यात याला परंतुक म्हणतात. स्पष्ट न बोलताही जे निघते ती ‘अर्थापत्ति’. भात खाईन म्हटल्यावर पेज नको हे सांगावे लागत नाही. एकाचा उल्लेख केला तेव्हा दुसरा वगळला, हा अर्थनिर्णयाचा नियम न्यायालयेही वापरतात. आणि हा केवळ आमचा कल्पनाविलास नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे शेवटचे, पंधरावे अधिकरण तंत्रयुक्तींचेच आहे आणि तेथेही त्यांची संख्या बत्तीस आहे. म्हणजे राजदंडाचा ग्रंथ आणि शल्यतंत्राचा ग्रंथ वाचण्याची किल्ली आपल्या पूर्वजांनी एकच ठेविली होती. ती आपल्या खिशात असून आपण बाहेर उभे होतो.

(अर्थशास्त्राचा विषय निघालाच आहे म्हणून जाता जाता सांगतो. कण्टकशोधन अधिकरणात कौटिल्याने वैद्याच्या दंडाचाही विचार केला आहे. प्राणावर बेतणाऱ्या व्याधीत आगाऊ सूचना न देता उपचार केले आणि रोगी दगावला तर एक दंड, उपचारातील चुकीने दगावला तर त्याहून मोठा. सुश्रुतही वैद्याने व्यवसायात शिरण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी असे सांगतो, आणि अश्मरीसारख्या जोखमीच्या शस्त्रकर्मापूर्वी धन्याला विचारावे असेही सांगतो. परवाना, संमती, हयगय या कल्पना इंग्रजांनी आणल्या असे मानणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.)

ही किल्ली घेऊन आम्ही औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० उघडला. केंद्राचे अधिनियम सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठीचे ‘चार-अ’ हे प्रकरण या अधिनियमात १९६४ च्या सुधारणेने आले. प्रथम व्याख्या पाहिली. आयुर्वेदिक औषध म्हणजे पहिल्या अनुसूचीतील अधिकृत ग्रंथांत वर्णिलेल्या योगांनुसार ‘केवळ’ त्याच पद्धतीने निर्मिलेले औषध. ‘केवळ’ या शब्दावर बोट ठेवावे. ग्रंथोक्त योगात आपल्या अनुभवाने एक द्रव्य वाढविले, तर ते औषध चांगले असेल, पण व्याख्येत ते शास्त्रोक्त राहत नाही. ते ‘पेटंट व प्रोप्रायटरी’च्या व्याख्येकडे सरकते, आणि तेथेही घटकद्रव्ये अनुसूचीतील ग्रंथांच्या योगांतलीच असावी लागतात. शिवाय सूचीवेधाने द्यावयाची औषधे त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहेत.

मग कलम ३३-ईईसी. परवान्याविना विक्रीसाठी वा वितरणासाठी आयुर्वेदिक औषध निर्माण करण्यास येथे मनाई आहे. त्याच कलमात, अधिनियमाचा भंग करून निर्माण झालेले औषध विकण्यास, विक्रीसाठी साठविण्यास वा मांडण्यासही मनाई आहे. आणि खाली ते परंतुक, जे पंगतीत अर्धेच आमच्या कानी आले होते. स्वतःच्या रुग्णांच्या वापरासाठी औषध निर्माण करणाऱ्या वैद्यांना व हकिमांना हे कलम लागू नाही.

‘स्वतःच्या रुग्णांच्या वापरासाठी’. पंगतीत हे तीन शब्द गळून गेले होते.

आता तंत्रयुक्ती लावून पाहावी. अपवर्ग कोणापुरता? वैद्यापुरता. दुकानदाराचा त्यात उल्लेख नाही. कोणत्या कारणापुरता? स्वतःच्या रुग्णाच्या वापरापुरता. ज्याची नाडी आम्ही कधी पाहिली नाही, ज्याचा केसपेपर आमच्याकडे नाही, त्याच्यापुरता नाही. ज्या दिवशी आमच्या बाटल्या काकांच्या फळीवर गेल्या, त्या दिवशी आम्ही परंतुकाच्या बाहेर पाऊल टाकले आणि काकांना तर आम्ही प्रथमपासूनच उघड्यावर उभे केले होते. औषध उत्तम होते, पाक निर्दोष होता, कोणालाही अपाय झाला नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही प्रश्न तो नव्हताच.

याच्या पुढची पायरी आठव्या आठवड्यात कळली, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फौजदारी प्रकरणात गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकार पक्षावर असतो, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार, एखाद्या अपवादाचा वा परंतुकाचा आश्रय घेणाऱ्या आरोपीवर आपण त्यात बसतो हे दाखविण्याचा भार येतो. म्हणजे ‘हा माझा रुग्ण आहे’ हे आपण दाखवावयाचे. कशाने? केसपेपरने. नाव, तारीख, लक्षणे, निदान, दिलेले औषध व त्याची मात्रा यांची नोंद नसेल, तर परंतुक कागदावर राहते. चूर्णाच्या पुड्या बांधून देणाऱ्या आपल्यापैकी किती वैद्यांच्या दप्तरी अशी नोंद आहे? आमच्या दप्तरी निम्म्या रुग्णांची नव्हती. आज प्रत्येक बाटलीवर रुग्णाचे नाव, केसपेपर क्रमांक व तारीख आम्ही लिहितो आणि ती बाटली चिकित्सालयातूनच देतो. ही आमची व्यवस्था आहे, वकिलाचा सल्ला नव्हे. ज्याने त्याने आपल्या परिस्थितीप्रमाणे जाणकारास विचारावे.

औषधालयांच्या मालकांसाठी याच ओघात दोन शब्द. आयुर्वेदिक औषधांच्या नुसत्या विक्रीस या अधिनियमाखाली वेगळा विक्री परवाना लागत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण तिच्या आधाराने ‘आयुर्वेदाला काही लागत नाही’ असे जे म्हटले जाते, ते खरे नाही. परवाना नसला तरी जबाबदारी आहेच. फळीवर येणाऱ्या प्रत्येक मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, तुकडी क्रमांक, निर्मितीची तारीख, घटकद्रव्यांची यादी आणि ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द आहेत की नाहीत, हे १९४५ च्या नियमांतील नियम १६१ समोर ठेवून पाहावे. वापरण्याच्या मुदतीसाठी १६१-ब आहे. पोटात घ्यावयाच्या ज्या औषधांत अनुसूची ई(१) मधील द्रव्ये आहेत, त्यांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत असावी लागते. वत्सनाभ, भल्लातक, कुचला, जयपाल, धत्तूर, पारद, हिंगुळ, हरताळ ही सारी त्या अनुसूचीत आहेत. आपल्याकडे ताप-पडशासाठी सर्रास मागितली जाणारी त्रिभुवनकीर्तीची गोळी घ्यावी. वत्सनाभ आणि हिंगुळ दोन्ही तिच्यात आहेत. ती डबी उचलून पाठीमागची बारीक अक्षरे आज दुकानातच वाचून पाहावीत. आणि कोणी ओळखीचा वैद्य शिक्क्याची बाटली घेऊन आला, तर त्याच्या आत्मविश्वासावर जाऊ नये. आमच्यावर गेले होते, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

स्वसंज्ञेचे दुसरे उदाहरण आम्हांस अभ्यासक्रमाबाहेर सापडले आणि त्याने झोप उडविली. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये हयगयीने मृत्यू घडविण्यास कमाल दोन वर्षांच्या कारावासाची तरतूद होती, आणि ती सर्वांना सारखीच होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू झाले. त्यात ही मर्यादा पाच वर्षांवर गेली. मात्र वैद्यकीय प्रक्रिया करीत असताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या हातून असे घडल्यास ती दोन वर्षांचीच ठेविली आहे. ही बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीतील अनेक वैद्यांनी समाधान मानले, आम्हीही मानले. आपण नोंदणीकृत आहोतच! पण कलमाखाली स्पष्टीकरण आहे. त्यात ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खाली मान्य असलेली अर्हता धारण करणारा आणि त्या अधिनियमाखालील राष्ट्रीय वा राज्य नोंदवहीत नाव असलेला, असे म्हटले आहे. आपली पदवी त्या अधिनियमाखालची नाही. आपली परिषद वेगळी, आपल्यासाठी भारतीय चिकित्सा पद्धतीचा राष्ट्रीय आयोग वेगळा, त्याचा अधिनियम २०२० चा. शब्दशः वाचल्यास दोन वर्षांची सवलत आपल्यापर्यंत पोहोचत नाही. भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे, आणि तरीही या एका कलमापुरते आपण ‘नोंदणीकृत’ नाही. सभांमधून ज्या प्रश्नांवर आपण घसा कोरडा करतो, त्यांत हा प्रश्न आम्ही फारसा ऐकलेला नाही. तो ज्यांनी मांडावयाचा त्यांनी प्रथम ते स्पष्टीकरण समोर ठेवून मांडावा, अशी विनंती आहे.

अर्थात गुन्हा शाबीत होण्यासाठी साधी चूक पुरेशी नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय व्यावसायिकाच्या फौजदारी जबाबदारीसाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असावी लागते असे सांगितले आहे. निवाडे कसे वाचावेत यासाठी एक पूर्ण आठवडा होता. निवाड्यातील प्रत्येक वाक्य म्हणजे कायदा नव्हे. प्रकरणातील तथ्ये व त्यांवर निर्णय देण्यास आवश्यक ठरलेले तत्त्व, एवढेच पुढील प्रकरणास बांधते. बाकीचे प्रसंगोपात्त उद्गार. पूनम वर्मा प्रकरणाचा १९९६ चा निवाडा आपल्या सभांतून नेहमी उद्धृत होतो. ते प्रकरण मुळात होमिओपॅथीच्या व्यावसायिकाचे होते, हे आम्हांस मूळ निवाडा वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. जी पद्धती आपण शिकलो नाही तिच्याने चिकित्सा करणे हीच हयगय, हे त्यातील तत्त्व. त्यानंतर १९९८ च्या मुख्तियार चंद निवाड्यात राज्याच्या कायद्याने दिलेल्या अधिकाराचा प्रश्न आला. आधुनिक औषधांच्या वापराबद्दलचा हा वाद सर्वपरिचित आहे, येथे त्यात शिरत नाही. एवढेच सुचवितो की दोन्ही निवाडे मुळातून, एकापाठोपाठ वाचावेत.

ग्राहक कायद्याविषयी आमचा एक गोड गैरसमजही दूर झाला. दर महिन्याला आम्ही एक विनामूल्य शिबिर घेतो आणि तेथे पैसेच घेत नसल्याने तक्रारीचा प्रश्न येत नाही असे समजत होतो. १९९५ च्या व्ही. पी. शांता निवाड्याप्रमाणे सर्वांनाच सर्वकाळ विनामूल्य सेवा देणारा या कायद्याबाहेर राहतो. काहींकडून शुल्क घेऊन काहींना विनामूल्य सेवा देणाऱ्याच्या बाबतीत ते विनामूल्य रुग्णही ग्राहकाच्या संज्ञेत येतात. आमच्या शिबिराचे रुग्ण यांत कोठे बसतात, यावर वकीलमित्राशी आमचा वाद अजून चालू आहे. दरम्यान २०२४ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्यातून बाहेर असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला, हे त्यांनी आम्हांस हसत हसत ऐकविले. वैद्य आत आणि वकील बाहेर!

परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी, संगणकावर झाली. आमच्या डाव्या हाताला एक महाविद्यालयीन मुलगी होती आणि उजव्या हाताला निवृत्त झालेले एक तलाठी. आम्ही उत्तीर्ण झालो. गुण सांगण्यासारखे नाहीत. विचारवंतांच्या मतांनी पहिल्या दोन आठवड्यांतच जो घात केला, तो शेवटपर्यंत भरून निघाला नाही.

काकांच्या प्रकरणात खुलासा मान्य होऊन लेखी समज देण्यात आली आणि त्या बाटल्या नष्ट झाल्या. खुलाशात आम्ही चूक आमची आहे असे स्पष्ट लिहून दिले होते. काकांशी आमचा स्नेह टिकून आहे. परंतु आमच्या तेलाची फळी त्यांनी रिकामीच ठेविली आहे, आणि आम्ही काही सांगितले की ते आता “कुठं लिहिलंय?” असे विचारतात. गेल्या महिन्यात एका नव्या उत्पादकाचा प्रतिनिधी त्यांच्याकडे माल घेऊन आला, तेव्हा त्यांनी दुकानातून हाक मारून आम्हांस बोलाविले. दोघांनी मिळून डबीवरील अक्षरे नियम १६१ शी ताडून पाहिली. परवान्याचा क्रमांक होता, तुकडी क्रमांक होता, हिंगुळ असूनही सावधगिरीची सूचना मात्र नव्हती. काकांनी खोके परत बांधून दिले.

‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम सामान्यतः जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांत सुरू होतात. येत्या सत्रात काकांचे चिरंजीव नाव नोंदवीत आहेत. आपल्या संघटनेच्या सभासदांपैकी कोणास त्यांच्यासमवेत अभ्यास करावयाचा असल्यास आमच्या चिकित्सालयात पहाटे साडेपाचला दार उघडे असते. येताना १९४० चा अधिनियम आणि सुश्रुताचे उत्तरतंत्र ही दोन्ही सोबत आणावीत. चहाची व्यवस्था आमच्याकडे.